मामूंची शिकारवही

आमच्या घरी लाल कापडी पाठीची एक लांबोडकी वही आहे. किराणा दुकानात उधारी लिहायला वापरतात तसली. पण या वहीत उधारी नाही, पाखरं आहेत. माझे मामू बाळापूरचे. एका जिनिंग फॅक्टरीत वजनकाट्यावर कारकून होते. आठवडाभर कापसाचं वजन लिहायचे आणि हिवाळ्यात दर सुटीला खांद्यावर बारा बोअरची बंदूक टाकून माळाकडे निघायचे. संध्याकाळी परत आले की हातपाय धुऊन आधी वही उघडायचे. तारीख, ठिकाण, किती काडतुसं उडाली, काय मिळालं, सगळं उर्दूत एका ओळीत. ‘तित्तर तीन, काडतूस पाच.’ बस्स. पुढे काही नाही. घरात कवी म्हणून माझं नाव झालं, पण नेमकं आणि कमी लिहिणारा आमच्या घरातला पहिला माणूस मामूच.

या वहीतली १९७२-७३ च्या हिवाळ्याची पानं वेगळी आहेत. तिथे तारखा आहेत, ठिकाणं आहेत, आणि पुढे एकच शब्द आहे, ‘खाली’. म्हणजे रिकामं. मी मोजलं, अकरा वेळा ‘खाली’. तेव्हा मी जेमतेम पाळण्यातला. पण त्या हंगामाची गोष्ट मामूंच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की मी सोबत होतो असं वाटतं. आज तीच सांगणार आहे. शिकारीचं कौतुक करायचं नाही. तित्तर-लावा मारणं आज गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण ज्याची वर्षभर वाट पाहिली तो हंगामच हातातून गेला की माणूस काय करतो, हा प्रश्न शिकाऱ्यापुरता नाही. आमच्या वऱ्हाडातल्या प्रत्येक कास्तकाराला तो ठाऊक आहे.

आधी त्या पाखरांविषयी. बाळापूर, अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर हा पट्टा काळ्या मातीचा. त्यात मधूनमधून गवताचे माळ, नाल्याकाठची बाभूळबनं आणि ई-क्लासच्या पडीक जमिनी. तित्तर राहायचा धुऱ्यावरच्या गवतात आणि बोरीच्या झुडपात. लाव्हरी पायाखालून भुर्रकन उडायची. बटेर हिवाळ्यात उत्तरेकडून यायची. आणि पखुर्डी, जिला मामू ‘भट तित्तर’ म्हणायचे, थव्याथव्यानं सकाळी पाण्यावर उतरायची. या सगळ्यांचा हिशेब पावसाशी बांधलेला. तित्तराचं अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिले काही दिवस दाण्यापेक्षा किड्यांवर वाढतं. पाऊस झाला तर गवत, गवत झालं तर नाकतोडे आणि वाळवी, ते असले तर पिल्लं. पाऊस रुसला की ही सगळी साखळी तुटते.

१९७२ चा दुष्काळ म्हटलं की मराठवाडा, नगर, सोलापूर आठवतं. आमच्याकडे तितका कहर नव्हता, पण पावसानं दगा दिलाच. मामूंसोबत एक पारधी दोस्त असायचा. मामू त्याला ‘उस्ताद’ म्हणायचे, मीही इथे तेच म्हणतो. दिवाळीनंतरच्या पहिल्या फेरीत दिवसभर हिंडून दोघं धुऱ्यावर बसले, तेव्हा उस्ताद म्हणाला, ‘‘मामू, यंदा घरी बसा. पान्यानं दगा देला. गवत नाई, किडे नाई, त पिल्लू कशावर जगन?’’ मामूंनी ऐकलं नाही. शिकाऱ्याला वाटतं, पाखरं इथे नसतील तर पुढच्या नाल्यात असतील. पुढच्या नाल्यात नसतील तर पुढच्या इतवारी असतील.

रिकाम्या हाताचं दुःख जुनं आहे आणि त्यावरचे उपायही जुने आहेत. मोगलांच्या दख्खनच्या लढायांत आमचं बाळापूर हा महत्त्वाचा तळ होता. त्या काळच्या जहांगीर बादशहानंही शिकारीचा हिशेब ठेवला होता. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्यासमोर २८,५३२ जनावरं आणि पाखरं मारली गेली, त्यांतली १७,१६७ आपण स्वतः मारली, असा आकडा त्याच्या आत्मचरित्रात आहे. बादशहाला हंगाम खाली जाण्याची धास्ती नव्हती. हाके घालायला फौज होती. पण याच बादशहानं पन्नाशीच्या सुमारास स्वतःच्या हातानं जीव मारणार नाही असा नवस केला. पुढे तो मोडलाही. एवढा मोठा आकडा गाठूनही मन भरलं नव्हतं, आणि सोडतो म्हणूनही सुटलं नाही.

दुसरं नाव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८८५ साली काँग्रेस स्थापन करण्यात पुढे असलेला हा इंग्रज अधिकारी आपल्याला शाळेत भेटतो. अमरावतीला १८९७ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा तो हिंदुस्थान सोडून गेलेला होता. पण तो पाखरांचा मोठा अभ्यासक होता हे शाळेत सांगत नाहीत. त्यानं मार्शल नावाच्या सहकाऱ्याबरोबर हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनमधल्या शिकारीच्या पाखरांवर तीन खंड काढले, १८७९ ते १८८१ या काळात. तित्तर, लावा, पखुर्डी, तणमोर, सगळे त्यात आहेत. देशभरातून त्यानं हजारो पाखरांची कातडी जमवली. मग एका हिवाळ्यात तो सिमल्याला नसताना घरच्या नोकरानं त्याची वर्षानुवर्षांची हस्तलिखितं रद्दीच्या भावानं बाजारात विकून टाकली. मोठा ग्रंथ लिहायचा होता, तो राहिला. ह्यूमनं काय केलं? सगळा संग्रह १८८५ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याआधीच तो थिऑसफीच्या प्रभावाखाली शाकाहारी झाला होता आणि नमुन्यांसाठी पाखरं मारणंही त्यानं सोडलं होतं.

तिसरा माणूस मात्र वेगळ्या जातीचा. त्याची गोष्ट आमच्या मेळघाटातल्या एका घुबडाशी जोडलेली आहे. रानपिंगळा नावाचं हे लहानसं घुबड ह्यूमनंच १८७३ साली जगाला सांगितलं. १८८४ नंतर ते कुणाला सापडेना. मग रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामांकित इंग्रज कर्नलनं दावा केला की १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ आपण एक मारलं होतं. लोक त्या भागात शोधत राहिले. १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि तिच्या साथीदारांना रानपिंगळा पुन्हा दिसला तो खानदेशात, शहाद्याजवळ. ११३ वर्षांनी. नंतर तो मेळघाटातही आढळला. आणि कर्नलसाहेबांचं घुबड? ते ब्रिटिश म्युझियममधून चोरलेलं होतं. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं १८८० च्या दशकात मिळवलेला जुना नमुना नव्यानं भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. १९९९ साली हे सिद्ध झालं.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला मामूंच्या वहीतली एक ओळ आठवली. त्या खाली हंगामात पाचव्या की सहाव्या फेरीनंतर मोहल्ल्यात थट्टा सुरू झाली. ‘‘क्या मामू, बंदूक को जंग लग गया क्या?’’ घरी मामी मसाला वाटून बसायच्या आणि रात्री सगळे वरणभात खायचे. एके दिवशी मामूंनी बाजारात दोन तित्तर विकत घेतले आणि ताठ मानेनं घरी आणले. सगळ्यांनी वाहवा केली. पण रात्री वही उघडल्यावर हातानं खोटं लिहवेना. तिथे लिहिलंय, ‘दो. मोल के.’ मामींना ते कळलं मामूंच्या मयतीनंतर, मी वही वाचून दाखवली तेव्हा. त्या आधी हसल्या आणि मग रडल्या. कर्नलसाहेबांनी जगाला फसवलं आणि कागदालाही फसवलं. मामूंनी फक्त मोहल्ल्याला फसवलं.

फेब्रुवारी १९७३ मध्ये उस्तादनं खबर आणली. मन नदी जागोजाग आटली होती. एका डोहात तेवढं पाणी शिल्लक होतं आणि सकाळी भट तित्तर तिथे झुंडीनं उतरत होते. दुष्काळात असंच होतं. पाखरं कमी होतात, पण उरलेली एका ठिकाणी गोळा होतात आणि शिकाऱ्याला वाटतं, नशीब उघडलं. मामू उजाडायच्या आत काठच्या खड्ड्यात जाऊन बसले. थवा आला. दोन्ही नळ्या एकापाठोपाठ उडाल्या. चार पाखरं पडली. मामू बिस्मिल्ला म्हणत सुरी घेऊन धावले, कारण पाखरू जिवंत हाती लागलं तरच हलाल करता येतं. पहिला नर हातात घेतला तर त्याचं पोट ओलंचिंब. मामूंना वाटलं, पाण्यात पडला असेल. पण तो तर कोरड्या वाळूत पडला होता. दुसराही तसाच.

उस्तादनं सांगितलं, ‘‘हे पाखरू पोटाच्या पिसाईत पानी भरते मामू. दूर माळावर त्याचे पिल्लं असतीन. ते चोचीनं हे पिसं चोखतेत.’’ हे खरं आहे. पखुर्डीच्या नराच्या पोटावरची पिसं पाणी शोषून धरतात आणि तो मैलोन्‌मैल उडून ते पिल्लांना पाजतो. शास्त्राच्या पुस्तकात हे मी खूप पुढे वाचलं. उस्तादला ते कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

वहीत त्या दिवशीची ओळ आहे, ‘भट तित्तर चार. पानी ले जा रहे थे.’ त्यानंतर त्या हंगामात नोंद नाही. डोहात पाणी होतं, थवे येत होते, घरात काडतुसं होती. तरी मामू गेले नाहीत. ते साधुसंत झाले नाहीत, हेही सांगतो. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि वहीत पुन्हा तित्तर आले. पण पाण्यावर आलेलं पाखरू मात्र परत कधी लिहिलं गेलं नाही.

इथपर्यंत गोष्ट मामूंची झाली. मला जास्त टोचते ती उस्तादची. तो हंगाम मामूंसाठी निराशेचा होता. मामूंना काटा होता, पगार होता, वरणभात होता. उस्तादच्या पालावर मात्र ‘खाली’ या शब्दाचा अर्थ उपाशी असा होता. आणि तरीही फाशात अडकलेली अंड्यावरची मादी किंवा लहान पिल्लू तो सोडून द्यायचा. फासेपारध्यांमध्ये ही जुनी रीत आहे. पुढल्या हंगामाची काळजी त्यांनी कुठल्या परिषदेत बसून शिकलेली नाही.

त्याच काळात, १९७२ साली, वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्याची गरज होती. आधी लहान शिकारीला परवान्याची वाट मोकळी होती, १९९१ च्या दुरुस्तीनं तीही बंद झाली. मामूंनी बंदूक जमा केली आणि त्यांना कुणी बोललं नाही. उस्तादला मात्र पिंजऱ्यातल्या एका पाळलेल्या तित्तरासाठी धरून नेलं आणि तीन दिवस बसवून ठेवलं. इंग्रजांनी १८७१ साली ‘गुन्हेगार जमाती’ ठरवायचा कायदा केला, तो स्वतंत्र भारतानं १९५२ साली रद्द केला. कागदावरचा शिक्का पुसला, माणसांच्या नजरेतला राहिला. एकाच डोहावर दोघं गेले होते. एक शौकीन ठरला, दुसरा चोर. मामूंना याची लाज होती. ते उस्तादला सोडवायला गेले होते, पण ‘‘मी पण मारलेत,’’ हे तिथे बोलायची हिंमत झाली नाही, असं त्यांनी मला शेवटच्या आजारात सांगितलं. ही ओळ वहीत नाही. म्हणून मी इथे सांगतो आहे.

आता बंदुका थांबल्या. मग पाखरं का वाढली नाहीत? कारण हंगाम एखाद्या वर्षापुरता खाली जात नाही, जमिनीच खाली होत चालल्या. जवारी गेली, सोयाबीन आलं. धुरे नांगरले गेले. पऱ्हाटीवरच्या फवाऱ्यानं किडे मेले, म्हणजे पिल्लांचं जेवण मेलं. ई-क्लासचे माळ कुणी वाहिले, कुणी विकले. पावसाळ्यात गवतातून दिवसाला शेकडो उड्या मारून मादीला बोलावणारा तणमोर आज जगातल्या अतिसंकटग्रस्त पाखरांत मोजला जातो. तो आमच्या अकोला-वाशीमच्या माळांवर यायचा. त्याच्यासाठी आणि गवतासाठी याच भागात ‘संवेदना’ या संस्थेबरोबर ज्यांनी काम उभं केलं, त्यांत फासेपारधी पुढे आहेत. ज्यांना आपण चोर म्हटलं, तेच राखणदार निघाले. उस्ताद ते पाहायला राहिला नाही.

मी कधी बंदूक धरली नाही. पण मामूंची वही बंद करवेना, म्हणून काही वर्षांपासून तिच्या उरलेल्या पानांवर मीही लिहितो. हिवाळ्यात सकाळी फिरायला जातो, नाल्याच्या काठाशी उभा राहून ऐकतो आणि घरी येऊन तारीख टाकतो. मामू उर्दूत लिहायचे, मी मराठीत लिहितो. पुष्कळ पानांवर ‘खाली’ आहे. मोलाचं पाखरू मी लिहीत नाही. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मात्र नांगरटीतून सुटलेल्या बोरीच्या झुडपातून ती ओळखीची खणखणीत हाक आली, एकदा, दोनदा, आणि दुसऱ्या बाजूनं तिला उत्तर. त्या दिवशी मी लिहिलं, ‘तित्तर दोन. काडतूस नाही.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)