हाक मारली की चौघे वळतात

डोंबिवली स्टेशनच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत एका बाईंनी मागून हाक मारली, ‘अरे सचिन!’ माझ्या पुढे चालणारे चौघे जण एकदम वळले. त्यातले दोघे चाळिशीपलीकडचे होते. ज्याला हाक होती तो मात्र कानात बोंडे घालून सरळ जिना उतरून गेला.

हा प्रसंग मी घरी हसत हसत सांगितला, पण माझ्या मुलीला काही हसू आले नाही. तिच्या मांडीवर तिचा पाच दिवसांचा मुलगा होता. सातव्या दिवशी अकीका, म्हणजे त्या दिवसापर्यंत नाव ठरायला हवे. तिच्या मनात गरोदरपणापासून एकच नाव होते, अयान. आणि नेमके त्याच आठवड्यात तिला कळले, की सोसायटीत दोन अयान आहेत आणि कोपऱ्यावरच्या पाळणाघरात तिसरा.

‘अब्बा, शाळेत हा अयान नंबर तीन होणार. तुम्ही कवी आहात ना? असे एखादे नाव सांगा, की जे दुसऱ्या कुणाचे नसेल.’

कवीकडे लोक दोनच कामांसाठी येतात, लग्नपत्रिकेचा मजकूर आणि बाळाचे नाव. मी शब्दकोश काढून बसलो. पण नावे शोधता शोधता मन मागे मागे गेले आणि लक्षात आले, की ही काळजी फार जुनी नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांना ती कळलीच नसती. त्यांना नाव वेगळे नको होते, तेच हवे होते.

पेशव्यांचेच घराणे पाहा. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ, त्यांचा नातू पुन्हा बाळाजी, ज्याला आपण नानासाहेब म्हणतो. थोरले माधवराव १७७२ साली गेले. १७७४ साली नारायणरावांच्या पश्चात मुलगा जन्मला, त्याचेही नाव माधवराव. घोटाळा नको म्हणून लोकांनी मागे ‘सवाई’ जोडले, झाले काम. भोसल्यांच्या घरातही तेच. शिवाजीमहाराजांच्या थोरल्या भावाचे नाव संभाजी, मुलाचे नाव संभाजी. आणि ज्यांना आपण शाहू महाराज म्हणतो त्या नातवाचे पाळण्यातले नाव शिवाजी. गेलेला माणूस नावाच्या रूपाने घरात परत यावा, एवढीच अपेक्षा असे. त्यात एक गंमत होती. सुनेने सासऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही आणि मुलाला नाव मात्र सासऱ्याचेच. मग त्या माउलीने पोटच्या पोराला हाक तरी कशी मारायची? तिने बाळ म्हटले, बाबू म्हटले. मोठेपणी त्याचे अण्णा, तात्या, नाना झाले. महाराष्ट्रातल्या कितीतरी कर्त्या माणसांची खरी नावे शेजाऱ्यांना ठाऊक नसत.

शहाजीराजांच्या नावाची हकीकत मला विशेष जवळची वाटते. मालोजीराजांना मूलबाळ नव्हते, त्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्यात नवस केला आणि पुढे झालेल्या दोन मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. हे धाकटे शरीफजी १६२४ साली भातवडीच्या लढाईत पडले. आणि तिकडे उत्तरेत अकबर बादशहानेही सिक्रीच्या शेख सलीम चिश्ती यांच्या आशीर्वादाने झालेल्या मुलाचे, पुढच्या जहांगिराचे, नाव सलीम ठेवले. तो जन्मला १५६९ साली. माझे नाव सलीम आहे. पण माझ्या वडिलांनी ते इतिहासातून घेतले नाही. १९६० साली आलेला ‘मुगल-ए-आझम’ त्यांनी तीनदा पाहिला होता. कल्याणच्या आमच्या मोहल्ल्यात माझ्याच वयाचे पाच सलीम होते. एकाला लंबू म्हणत, एकाला चष्मा, मला ‘शायर’. ही पदवी मी कविता लिहायला लागण्याआधीची आहे, नाक वर करून चालायचो म्हणून मिळालेली.

कल्याण म्हटले, की आनंदीबाई जोशी आठवतातच. १८६५ साली कल्याणात जन्मलेल्या त्या मुलीचे नाव यमुना होते. नवव्या वर्षी लग्न झाले आणि गोपाळरावांनी तिचे नाव आनंदी ठेवले. १८८६ साली पेनसिल्व्हेनियात डॉक्टरकीची पदवी घेतली ती आनंदीबाईंनी. यमुना कल्याणातच राहिली. मुलीचे नाव नऊ-दहा वर्षांपुरतेच असायचे, तेव्हा ते फार लोकप्रिय झाले का याची फिकीर कोण करणार?

नाटक-सिनेमाने हे सगळे बदलले. ठाण्याच्या ज्या रंगायतनाला गडकऱ्यांचे नाव आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’ नाटकातली लतिका. १९२९ साली जन्मलेल्या हेमा मंगेशकरचे नाव त्या लतिकेवरून लता झाले, असे सांगतात. पुढे लता नावाच्या किती मुली झाल्या ते आपण आपापल्या नात्यात मोजावे. आणि सचिन? रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी. १९७३ साली झालेल्या मुलाला त्यांनी आवडत्या संगीतकाराचे, सचिन देव बर्मन यांचे नाव दिले. कवीच्या घरातले, बंगालचा गंध असलेले नाव! मग १९८९ साली तो मुलगा कराचीला कसोटी खेळायला उतरला आणि बापाने हौसेने निवडलेले नाव गल्लीगल्लीत पोचले.

हे मी मुलीला सांगितले. ती म्हणाली, ‘म्हणजे वेगळे नाव ठेवले तरी उपयोग नाही?’

मी तिला दुसरी बाजू सांगितली. दगडू, धोंडू ही नावे वेगळी म्हणून ठेवलेली नव्हती. आधीची मुले जगली नाहीत, तेव्हा याच्यावर तरी कुणाची नजर पडू नये म्हणून होती. काही नावे तर वरच्यांनी खालच्यांना हिणवायला ठेवलेली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि नंतर घरोघर राहुल, सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता जन्मले. एका वस्तीत चार राहुल, आणि आईबापांना त्याचा अभिमान. २०११ साली साताऱ्यात २८५ मुलींना नवी नावे मिळाली. त्यांची जुनी नावे एकच होती, नकुशी. घरात आणखी एक मुलगी नको होती, म्हणून नकुशी. नवे नाव निवडताना काहींनी ऐश्वर्या निवडले. हजारोंचे असलेले नाव त्यांना स्वतःसाठी हवे होते.

बोलता बोलता मला कळले, की मी मुलीची समजूत घालतो आहे ती खरी माझीच आहे. मला वर्गातल्या तीन अयानांची भीती नव्हती. मला भीती यादीची होती.

२००७ साली आईला उमराहला न्यायचे म्हणून मी पासपोर्टसाठी अर्ज केला. चौकशीत एका कचेरीतल्या गृहस्थांनी फार नम्रपणे सांगितले, ‘तुमच्या नावाचा एक माणूस हवा आहे.’ माझे नाव, वडिलांचे नाव, शेख हे आडनाव, तिन्ही जुळत होती. आदल्याच वर्षी, ११ जुलै २००६ ला, लोकलमध्ये स्फोट झाले होते. त्या गाड्यांनी आम्हीही रोज जात होतो. चौकशी व्हायलाच हवी, हे मला कळत होते. पण अकरा महिने मी प्रत्येक खेपेला तोच कागद घेऊन जात होतो आणि मी मीच आहे हे सांगत होतो. आई शेवटी माझ्या भावाबरोबर गेली. भावाचे नाव आमच्या मोहल्ल्यात दुसऱ्या कुणाचे नाही.

माझी सुटका झाली ती आईच्या नावाने. त्या दुसऱ्या सलीमच्या आईचे नाव वेगळे निघाले.

हे मी मुलीला तोवर कधी सांगितले नव्हते. तिने ऐकून घेतले, बाळाची दुपटी घड्या घालून ठेवली आणि म्हणाली, ‘इंग्लंडमध्ये तर मुलग्यांच्या नावात मुहम्मद पहिला आहे, माहीत आहे ना?’ ते खरे आहे. २०२३ सालच्या तिथल्या सरकारी यादीत ४,६६१ मुलांसह ते नाव पहिले होते. आमच्यात ते नाव फार झाले अशी तक्रार करणारा मला अजून भेटायचा आहे.

मग ती म्हणाली, ‘आता कागदावर माझे नाव येणार आहे.’ तेही खरे. राज्य सरकारच्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या आणि परीक्षेच्या कागदांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव असा क्रम आहे. आमचा नातू त्यानंतरचा. ‘अयान शेख पुष्कळ असतील, अब्बा. माझा अयान किती असतील?’

सातव्या दिवशी नाव अयानच ठेवले. आता तो चालतो. परवा बागेत तिने त्याला हाक मारली तेव्हा घसरगुंडीवरून दोन मुलांनी माना वळवल्या. आमच्या चिरंजीवांनी काही पाहिले नाही. ते माती खात होते.