अडलेला घास

आज बचत गटाच्या हिशेबाऐवजी एक जुनी गोष्ट सांगते.

१८८१ साली व्हिएन्ना शहरात तेरेसा हेलर नावाची आठ लेकरांची आई होती. जठरातल्या गाठीमुळे तिच्या पोटात अन्न ठरेना. २९ जानेवारीला डॉ. बिलरोथ यांनी गाठीचा भाग काढून उरलेलं जठर आतड्याला जोडलं. ती जेवू लागली. पण आजार आधीच पसरला होता. चार महिन्यांत ती गेली.

अन्ननलिका छातीत खोल असते. तिथली गाठ काढायला १९१३ साल उजाडलं. न्यूयॉर्कला डॉ. टोरेक यांनी ६७ वर्षांच्या बाईची अन्ननलिका काढली आणि मानेपासून पोटापर्यंत बाहेरून रबरी नळी बसवली. त्या नळीवर ती बारा वर्षांहून जास्त जगली.

मुंबईत परळला १९४१ साली टाटा रुग्णालय सुरू झालं. आता बहुतेक वेळा जठराचीच नळी करून वर ओढतात आणि आतूनच जोडतात. तरी दोन धोके राहतात: जोड गळणं आणि न्यूमोनिया. म्हणून आधी मिश्री-तंबाखू बंद करायची, श्वासाचे व्यायाम करायचे. नंतर ताप आला, धाप लागली तर लगेच दवाखाना गाठायचा. जेवण थोडं थोडं, पण जास्त वेळा घ्यायचं. पूर्ण जठर काढलं असेल, तर बी-१२ जन्मभर घ्यावं लागतं.

तेरेसाच्या वेळी दुर्बिणीची तपासणी आजच्यासारखी सहज उपलब्ध नव्हती. आपल्याकडे आहे. तरी आपण भाकरी कुस्करून खातो, मग नुसती पेज पितो, आणि गप्प राहतो. घास अडत असेल, वजन उतरत असेल, तर बायांनो, गप्प बसू नका. डॉक्टरांना दाखवा.