जुने ट्रॅव्हल ट्रेलर : पर्यावरणपूरक जीर्णोद्धार

मोटारीमागे जोडून ओढून न्यायच्या, झोपण्या-रांधण्याची सोय असलेल्या चाकांवरच्या घराला अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. १९३० ते १९७० या दशकांत बनलेले असे ट्रेलर उलगडायचे, त्यांचा मूळ सांगाडा व पत्रा राखायचा आणि कुजलेल्या किंवा आरोग्याला घातक भागांच्या जागी लोकर, बूच, लिनोलियम, चपडा अशी सामग्री बसवायची, असे या कामाचे स्वरूप आहे. अमेरिका व कॅनडात हा छंदही आहे आणि छोट्या कार्यशाळांचा धंदाही.

पूर्वपीठिका : या वाहनांचे मूळ बऱ्याच अंशी विमानाच्या कारखान्यात आहे. चार्ल्स लिंडबर्गच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ विमानाच्या बांधणीवर देखरेख करणाऱ्या हॉली बोलसने १९३४ मध्ये ‘रोड चीफ’ हा रिव्हेट ठोकलेल्या अॅल्युमिनियमचा ट्रेलर काढला. त्याच धर्तीवर वॉली बायमने १९३६ मध्ये ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ आणला. त्याची किंमत १,२०० डॉलर होती आणि आत चौघांची झोपायची सोय होती. दुसऱ्या महायुद्धानंतर टल्सा येथील स्पार्टन या विमान कंपनीनेही ट्रेलर बनवायला घेतले. १९४१ मध्ये सैनिकांच्या निवाऱ्यासाठी सुरू झालेल्या शास्ता कंपनीचे गोलसर ट्रेलर पुढे मध्यमवर्गीय कुटुंबांत लोकप्रिय झाले. १९६८ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला ‘बोलर’ हा फायबरग्लासचा छोटेखानी ट्रेलर निघाला. एअरस्ट्रीमवाल्यांचे तांडे तर जगभर फिरले : १९५९-६० मध्ये केप टाउन ते कैरो, आणि १९६३-६४ मध्ये सिंगापूरहून भारतमार्गे लिस्बनपर्यंत.

बांधणी आणि बिघाड : जीर्णोद्धाराची सगळी दिशा ठरते ती पाणी कुठून शिरले यावर. शास्तासारख्या ट्रेलरमध्ये पाइनच्या बारीक पट्ट्यांचा सांगाडा असतो, बाहेरून पातळ पत्रा आणि आतून बर्चचे प्लायवुड. खिडक्यांच्या कडा आणि छप्पर-भिंतीचा सांधा इथली लांबी वाळून भेगाळली की पाणी झिरपते आणि सांगाडा आतल्या आत कुजतो. बाहेरचा रंग मात्र झकास दिसत राहतो.

एअरस्ट्रीमची गोष्ट वेगळी. त्यात लाकडी सांगाडा नसतोच. अॅल्युमिनियमचे कवच, प्लायवुडची जमीन आणि खालची पोलादी चॅसी बोल्टांनी एकत्र आवळलेली असतात. जमीन कुजली की बोल्टांची पकड सुटते आणि मागच्या बाजूचे कवच चॅसीपासून वेगळे होऊ लागते. १९७० च्या दशकातल्या लांब मॉडेलांचे हे जुने दुखणे आहे. म्हणून जाणकार गिऱ्हाईक चकचकीत पत्र्याकडे आधी पाहतच नाही. ते टोचा घेऊन मागच्या बंपरलगतची जमीन टोचून बघते, मग बंपरवर उभे राहून दोनचार हिसके देते. बंपर हलला आणि कवच जागचे हलले नाही, तर पुढे कवच उचलून नवी जमीन घालण्याचे काम आहे हे समजावे.

उलगडताना प्रत्येक भागाचे छायाचित्र काढून त्यावर खूणचिठ्ठी लावतात. कुजलेली फळीसुद्धा टाकत नाहीत, कारण नवी फळी कापायला तोच एकमेव नमुना असतो. मूळ पद्धतीचे रिव्हेट ठोकायला दोन माणसे लागतात : एक बाहेरून हवेच्या दाबाची रिव्हेट गन धरतो, दुसरा आतून रिव्हेटच्या शेपटीवर पोलादी ठोकळा दाबून ठेवतो. ठोकळा जरा तिरका झाला, तर शेपटी वाकडी बसते आणि रिव्हेट ड्रिलने काढून पुन्हा ठोकावा लागतो.

सामग्री : पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वांत मोठी बचत जुना पत्रा राखण्यात आहे. खनिजापासून एक किलो अॅल्युमिनियम काढायला सुमारे १४ ते १५ युनिट वीज लागते. भंगार वितळवून ते पुन्हा बनवल्यास यातली सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. पत्रा जागेवर ठेवला, तर वितळवायचीही गरज नाही.

भिंतीच्या पोकळीतली जुनी काचलोकर ओली झाली की खाली बसते, शिवाय उंदीर त्यात घरटी करतात. तिच्या जागी मेंढीची लोकर भरतात. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसरा हिस्सा बाष्प ओलसर न लागता धरून ठेवते आणि हवा कोरडी झाली की सोडून देते. तिच्यातले केराटिन हवेतल्या फॉर्मल्डिहाइडला बांधून ठेवते. कसर लागू नये म्हणून तिच्यावर बोरॉनच्या क्षारांची प्रक्रिया करतात. तरीही गळती बुजवण्याआधी लोकर भरली, तर तीही शेवटी भिजतेच.

जमिनीसाठी बूच किंवा लिनोलियम वापरतात. बूच हलके असते आणि बूच-ओकची साल साधारण नऊ वर्षांनी पुन्हा काढता येते, झाड तोडावे लागत नाही. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनने शोधलेल्या लिनोलियममध्ये जवसाचे तेल, राळ, लाकडाचा भुसा, चुनखडीची पूड आणि तागाचे अस्तर असते. जवसाचे तेल लाकडाला लावल्यावर चिंध्यांचा बोळा मात्र कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो; चिंध्या पसरून वाळवतात किंवा पाण्यात बुडवून ठेवतात.

जुन्या बर्चचा मधाळ रंग जुळवायला चपडा लावतात. पळस, कुसुम आणि बोरीवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्यांपासून तो मिळतो. झारखंड व छत्तीसगड ही त्याची मोठी ठिकाणे असून महाराष्ट्रात गोंदियाच्या बाजूलाही लाख होते. चपडा अल्कोहोलमध्ये विरघळतो, लवकर वाळतो आणि ओरखडा पडला तर नवा हात जुन्यात मिसळून जातो. गरम भांडे किंवा दारू सांडली की त्यावर पांढरा डाग पडतो, त्यामुळे ओट्यावर तो चालत नाही.

नव्या प्लायवुडमध्ये फॉर्मल्डिहाइड न घातलेल्या सोया प्रथिनाच्या गोंदाला पसंती मिळते. ओरेगन राज्य विद्यापीठातले काइचांग ली यांनी खडकाला चिकटून लाटा सोसणाऱ्या शिंपल्यांच्या प्रथिनावरून या गोंदाची कल्पना घेतली आणि २००५ पासून कोलंबिया फॉरेस्ट प्रॉडक्ट्स ही कंपनी तो वापरू लागली. त्याच वर्षीच्या कॅटरिना वादळानंतर बेघरांना दिलेल्या ट्रेलरमध्ये फॉर्मल्डिहाइडच्या तक्रारी निघाल्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ५१९ ट्रेलर तपासले, तेव्हा सरासरी प्रमाण अब्जभागांत ७७ भाग भरले. २०१० मध्ये दाबीव लाकडातल्या फॉर्मल्डिहाइडवर मर्यादा घालणारा केंद्रीय कायदा झाला.

मर्यादा : घरात चालणारी प्रत्येक ‘हिरवी’ वस्तू ट्रेलरमध्ये चालत नाही. जुन्या गोदामाच्या ओकच्या फळ्या पुनर्वापर म्हणून उत्तम, पण त्यांचे वजन आस आणि ब्रेकवर येते. साधारणपणे ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार जोडणीच्या दांड्यावर असावा लागतो. जड स्वयंपाकघर मागे सरकवले, तर ट्रेलर वेगात असताना डोलू लागतो. तांब्याच्या क्षारांनी वाळवीरोधक केलेले प्लायवुड अॅल्युमिनियमला टेकले की ओलाव्यात पत्रा खाते. १९७८ पूर्वीच्या रंगात शिसे आणि जुन्या विनाइल लादीत अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून घासण्यापूर्वी नमुना तपासून घेतात.

वीज व पाणी : जुना बारा व्होल्टचा दिवा सुमारे १८ वॉट घेतो, तसाच उजेड देणारा एलईडी तीन वॉट. चार दिवे पाच तास लावले, तर ३६० ऐवजी ६० वॉट-तास खर्च होतात. छपरावरचे मोजकेच सौर पॅनेल आणि लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी त्यामुळे पुरते. मूत्र वेगळे ठेवणारे खतशौचालय बसवले की मैलापाण्याची टाकी आणि पाण्याचे वजन दोन्ही वाचतात.

सद्यःस्थिती : १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा येथे स्थापन झालेली ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना १९९८ मध्ये पुन्हा उभी राहिली, तिच्या मेळाव्यांत मूळ अवस्थेतले आणि नव्याने सजवलेले, दोन्ही प्रकारचे ट्रेलर येतात. शास्ताने २०१५ मध्ये १९६१ च्या ‘एअरफ्लाइट’ची नवी आवृत्ती १,९४१ नगांपुरती काढली. बोलसच्या रोड चीफसारख्या दुर्मीळ ट्रेलरच्या बाबतीत मात्र अनेक जाणकार मूळ प्लायवुड आणि काचा शक्य तितक्या तशाच ठेवतात, आणि नवी लोकर किंवा बूच फक्त जिथे मूळ काही उरलेच नाही तिथे घालतात.