ट्राउटची सहल आणि वलगणीची वाट

माशाची शिकार करावी तर ती हिमालयाच्या कुशीत, असे हौशी मंडळींना वाटते. काश्मीरची तिकिटे, मत्स्य खात्याचा परवाना, लिद्दर नदीचा एखादा राखून दिलेला टप्पा, हलकी काठी आणि पिसांची खोटी माशी, एवढी जमवाजमव झाली की ट्राउट धरायला माणूस मोकळा! एप्रिल ते सप्टेंबर हा तिथला हंगाम. बेत देखणा आहे खरा. पण ज्याच्यासाठी ही यातायात करायची, तो ट्राउट काश्मीरचा नव्हेच. तोही बेत आखून आणलेला पाहुणा आहे.

श्रीनगरला गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या मिचेल नावाच्या गोऱ्या गृहस्थाला मायदेशीचा हा मासा इथे हवा होता. 1899 साली विलायतेहून निघालेली अंडी वाटेतच नासली. 1900 साली पुन्हा मागवली, ती जगली. पुढे हारवनच्या थंड पाण्यात त्यांची पैदास झाली.

कोणी म्हणेल, साहेबाने 1850 पासून आपले माथेरान वसवले, मग खाली कर्जतच्या उल्हास नदीत का नाही सोडला ट्राउट? उत्तर सोपे आहे. पाणी वीस अंशांपलीकडे तापू लागले की हा मासा कासावीस होतो. कर्जत-खालापूरच्या उन्हाळ्यात तो चार दिवसही काढता ना!

मात्र या दोन तालुक्यांच्या नद्यांतही माणसाने मोठा हात फिरवला आहे. लोणावळ्याच्या तलावांतले पाणी एरवी भीमेला मिळून पूर्व समुद्राकडे गेले असते. टाटांनी ते नळांतून सुमारे 1,700 फूट खाली उतरवले आणि 1915 साली खोपोलीला वीज केली. वीज मुंबईला गेली, पाणी पाताळगंगेला मिळाले. 1922 साली भिवपुरीलाही तसेच वीजघर झाले आणि आंध्रा नदीचे पाणी उल्हासच्या खोऱ्यात आले. शिमग्यानंतर आटणाऱ्या नद्या उन्हाळ्यातही वाहू लागल्या.

घाटमाथ्यावरचा मानाचा मासा महसीर. कर्नल साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला महसीर 1839 साली ग्रंथात नोंदवला, तेव्हा शास्त्रीय नावात ‘खुद्री’ हा इथलाच शब्द ठेवला. धरणांनी त्याच्या वाटा अडल्या. मग 1970 नंतर लोणावळ्याला टाटांच्याच वीज कंपनीने त्याची पिल्ले वाढवून दूरदूरच्या नद्यांत सोडण्याचे काम हाती घेतले. हेतू चांगला होता. पण यांतली काही कावेरीत गेली आणि तिथला मूळचा मोठा, कुबडाचा महसीर मागे हटत गेला. आज तो नामशेष होण्याच्या काठावर आहे, आणि अभ्यासक त्याच्या कारणांत या पाहुण्याचेही नाव घेतात. एका नदीचे भूषण दुसऱ्या नदीत उपद्रव ठरते, ते असे.

आता आपल्या दारचा सोहळा पाहा. त्याला बोटीतून अंडी आणावी लागत नाहीत, परवाना लागत नाही. जून महिन्यात पहिला जोराचा पाऊस कोसळतो, ओढे लाल पाण्याने फुगतात आणि नदीतले मासे प्रवाहाच्या उलट चढत भातखाचरांत शिरतात. हीच वलगण. अंडी घालायला उथळ, शांत पाणी हवे म्हणून हा सारा खटाटोप. कातकरी, ठाकर, कुणबी, सारे गाव रात्री बत्ती घेऊन बाहेर पडते. कोणाच्या हाती पाग, कोणाच्या हाती कोयता. कोणी बांधाच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचा सापळा लावतो. गाबोळीने भरलेल्या माशाच्या कालवणाची चव ज्याने घेतली, त्याला काश्मीर आठवत नाही!

पण इथेच जपायला हवे. गाबोळीचा एक मासा म्हणजे पुढल्या वर्षीचे हजारो. पूर्वी खाचरे अफाट आणि हात थोडे, म्हणून धरूनही पुष्कळ उरत. आता कर्जत-खालापुरात खाचरांच्या जागी बंगले आणि कुंपणाच्या भिंती येत आहेत, ओढे बुजत आहेत. चढणाऱ्या माशाला भिंतीवरून उडी घेता येत नाही.

वाचकहो, ट्राउटला काश्मीर दाखवायला दोन खेपा आणि सात समुद्र लागले. वलगणीच्या माशाची वाट त्याला पाठ आहे. तेवढी वाट मोकळी ठेवावी, आणि पहिल्या रात्री भरल्या पोटाचे मासे अंडी घालण्यासाठी पुढे जाऊ द्यावेत. पुढच्या जूनचा बेत मग पाऊसच आखील.