इकॉनॉमी: घरची आणि दारची

परवा मुंबईहून रत्नागिरीला यायचं म्हणून नातवाने तिकीट काढलं आणि म्हणाला, "आजोबा, थ्री ई मिळालंय." थ्री ई म्हणजे थ्री टायर एसी इकॉनॉमी. रेल्वेने हा डबा 2021 साली आणला. युक्ती अगदी साधी. नेहमीच्या डब्यात 72 बर्थ, तर यात 83 बसवले. डबा तेवढाच, माणसं जास्ती. मधल्या बर्थवर अंगाची घडी घालून पडलो आणि एकदम आई आठवली. ऐन जेवायच्या वेळी मुंबईचे पाच पाहुणे पडवीत वहाणा काढू लागले, की ती आमटीत दोन तांबे पाणी ओतून पुन्हा उकळी आणायची. डाळ तेवढीच, माणसं जास्ती. आईला जे चुलीपुढे बसल्या बसल्या कळलं, ते रेल्वेला कळायला 2021 साल उजाडलं!

इकॉनॉमी हा शब्द आमच्या घरात आला तो मनीऑर्डरीच्या कुपनावरून. तात्या मुंबईला एका पेढीवर कारकून. कोकणातल्या कितीतरी चुली तेव्हा मुंबईच्या मनीऑर्डरीवर पेटत, त्यातलीच आमची एक. कुपनावर मजकुराला जागा बोटभर. तेवढ्यात तात्या लिहीत, "सर्व क्षेम. इकॉनॉमी करावी." आईने मला अर्थ विचारला. मी म्हटलं, "काटकसर."

"मग आजवर काय करत्ये मी?" आई म्हणाली आणि कुपन फडताळात टाकलं.

पुढे मी कचेरीत चिकटलो. तिथे भेटली 'इकॉनॉमी स्लिप'. वापरलेल्या पाकिटावरचा जुना पत्ता झाकायला ही चिठ्ठी चिकटवायची आणि पाकीट पुन्हा धाडायचं. आमचं एक पाकीट रत्नागिरी–चिपळूण अशा इतक्या खेपा करून आलं, की शेवटी पाकीट कमी आणि डिंक जास्ती! नंतर बाजारात साबणाचा 'इकॉनॉमी पॅक' आला. म्हणजे काटकसर करायची असेल तर घरून जास्ती पैसे घेऊन निघा.

पण माझा खरा गोंधळ झाला तो कॉलेजात. मी हौसेने इकॉनॉमिक्स घेतलं. त्या वर्षी पेढीवरचे पगार तुंबले होते, म्हणून फी भरायला आईची एक पाटली गेली. आणि त्या पाटलीच्या पैशांवर मी काय शिकलो, तर इकॉनॉमिक्सचा आणि काटकसरीचा काही संबंध नाही! ती मागणी, तो पुरवठा, त्या पंचवार्षिक योजना. आईने कणीची पेज कशी पुरवली, याला सबंध पुस्तकात जागा नाही.

मूळ शब्द मात्र घरातलाच. ग्रीक भाषेत 'ओइकोस' म्हणजे घर आणि 'नोमोस' म्हणजे नियम. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन नावाच्या ग्रीकाने या विषयावर एक पुस्तक लिहिलं. त्यात एक गृहस्थ आपल्या कोवळ्या बायकोला कोठीघर कसं लावावं, भांडी ओळीने कशी मांडावीत, हे शिकवतो. (हा गृहस्थ आमच्या माजघरात येऊन आईला शिकवू लागता, तर भांडी ओळीने राहिली नसती.) पुढे 1615 साली एका फ्रेंच लेखकाने याला 'पोलिटिकल' जोडलं आणि इकॉनॉमी उंबरठा ओलांडून दरबारात गेली. आपल्याकडे ती आली तेव्हा बारशाचाच घोळ. लोकहितवादींनी 1849 साली पुस्तक काढलं ते 'लक्ष्मीज्ञान'. 1854 साली हरि केशवजींनी म्हटलं 'देशव्यवहार व्यवस्था'. 1855 साली कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अर्थशास्त्र परिभाषा' लिहिली. लक्ष्मी आली, देश आला, अर्थ आला. घर कुणालाच आठवलं नाही.

आठवलं असेल तर आमच्याच जिल्ह्यातल्या एका माणसाला. गोपाळ कृष्ण गोखले 1866 साली गुहागरजवळच्या कोतळूकला जन्मले. वडील लवकर गेले. थोरले बंधू गोविंदराव शाळा सोडून पंधरा रुपयांवर नोकरीला लागले आणि त्यातले आठ रुपये कोल्हापूरला शिकणाऱ्या गोपाळला पाठवू लागले. उरलेल्या सातांत घर! कॉलेजची वेळ आली तेव्हा वहिनींनी अंगावरचे दागिने पुढे केले. सातांत घर चालताना ज्याने पाहिलं, त्याला सरकारी अंदाजपत्रक काय भिववणार? 1897 साली त्यांनी लंडनला वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चाचा पाढा वाचला. 1902 साली कलकत्त्याच्या कौन्सिलात सरकार शिल्लक मिरवत होतं, तेव्हा गोखले उठले आणि म्हणाले, लोक दुष्काळाने गांजलेले असताना ही शिल्लक म्हणजे भरभराट नव्हे, कर जादा घेतल्याची खूण आहे. मिठावरचा कर कमी करा, हा त्यांचा हेका. 1903 साली तो मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला. मीठ! वहिनींच्या सातांतला तो एक खर्च कौन्सिलापर्यंत पोचला, असं मी आपलं समजतो.

आमच्या घरची गोष्ट मात्र उलटी झाली. मार्च 1971. जनगणनेला शाळेतले गुरुजी आले.

"वहिनी, काम काय लिहू?"

"इतर बायकांचं काय लिहिता?"

"घरकाम. पण ते 'काम न करणारे' यात धरतात हो."

आई माझ्याकडे बघू लागली. मी पडलो अर्थशास्त्राचा विद्यार्थी. ऐटीत म्हणालो, "बरोबर आहे. घरकाम राष्ट्रीय उत्पन्नात येत नाही. पैसे घेऊन दुसऱ्याकडे केलंस तर येईल."

"म्हणजे मी शेजारच्या काकूंकडे रांधायचं, काकूंनी माझ्याकडे, आणि दोघींनी एकमेकींना पैसे द्यायचे? मग देश श्रीमंत होईल?"

शास्त्राप्रमाणे उत्तर 'हो' होतं. पण ते तोंडातून निघेना. गुरुजी हसले, त्यांनी 'घरकाम' लिहिलं, आमसुलाचं सरबत प्याले आणि पुढच्या घरी गेले.

आई गेल्यावर फडताळ आवरताना तात्यांच्या कुपनांचा गठ्ठा सापडला, सुतळीने बांधलेला. प्रत्येकावर तात्यांचं "इकॉनॉमी करावी", आणि उरलेल्या कोऱ्या जागेत आईच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने महिन्याचा हिशेब. रॉकेल, मीठ, वह्या, माझी फी. पाटलीच्या महिन्यात जमेच्या बाजूला नुसतं "पाटली 1". मार्च 1971 चं कुपन मी मुद्दाम शोधून काढलं. सगळ्यात खाली लिहिलं होतं, "गुरुजी आले. साखर दोन चमचे."