निखाऱ्यावरचें मांस

दक्षिण कोरियांतील खानावळींत मेजाच्या मध्यभागींच शेगडी असते. पाहुणे मांस भाजतात, कात्रीनें कापतात, हिरव्या पानांत गुंडाळून खातात. एकदां दाम मोजून हवें तितकें खाण्याचीही कित्येक ठिकाणीं सोय आहे. हा गलबला पाहून हें राष्ट्र पूर्वापार मांसाशी असावें असें वाटतें. इतिहास निराळें सांगतो.

कोर्यो राजवटींत बौद्ध धर्माच्या प्रभावानें मांसाशन मागें पडलें होतें. तेराव्या शतकांत मोंगलांचें वर्चस्व आल्यावर तें पुन्हां वाढलें. १३९२ सालीं स्थापन झालेल्या चोसन राजवटीनें गोवधास वारंवार बंदी केली, आणि तीही धर्मासाठीं नव्हे, नांगरासाठीं! बैल गेला कीं शेत पडीक, हें महाराष्ट्रांतील कुणब्याला सांगावयास नको. तरी सरदारांघरीं ‘नोबिआनी’ नांवाचे मसाल्यांत मुरविलेले पातळ तुकडे निखाऱ्यावर भाजले जातच. बंदी वारंवार करावी लागली, यांतच तिचें अपयश दिसतें.

१९५०-५३ च्या युद्धानें देश उद्ध्वस्त झाला. पुढें कारखानदारी वाढली, हातीं पैसा आला, आणि डुकराच्या पोटाचें मांस, ‘सामग्योप्साल’, कामकऱ्यांच्या संध्याकाळच्या बैठकींत शिरलें. १९६५ च्या कायद्यानें अमेरिकेचीं दारें उघडल्यावर शेगडी लॉस एंजेलिसला पोहोंचली. आडव्या कापलेल्या फासळ्यांना आतां कोरियांतच ‘एल. ए. गाल्बी’ म्हणतात.