वर्कशॉप होतं, पण कशासाठी?

अभियांत्रिकीतल्या ‘हाताने करून शिकण्या’वर संशोधन करायचं म्हटलं की आपण गेल्या पाच-दहा वर्षांचे पेपर उघडतो. प्रश्न मात्र त्याहून बराच जुना आहे.

१८६८ च्या सुमारास मॉस्कोच्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर देला वोस यांनी कारागिरीचे टप्पे पाडले. आधी सोपा जॉब, मग अवघड, आणि तोही उत्पादनाच्या कारखान्यात नाही, तर फक्त शिकवण्यासाठी काढलेल्या वर्कशॉपमध्ये. (पहिल्या वर्षाला तासनतास कानस चालवलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.) १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात एमआयटीचे अध्यक्ष जॉन रंकल यांनी हे नमुने पाहिले आणि आपल्याकडे तशीच वर्कशॉप सुरू करवली.

पुढे वारं फिरलं. १९५५ च्या ग्रिंटर अहवालाने अमेरिकेत निव्वळ हस्तकौशल्याचे विषय कमी करून गणित आणि अभियांत्रिकी-विज्ञानावर भर द्यायला सांगितलं. प्रयोगशाळा टिकल्या, पण त्यांतून नेमकं काय यायला हवं, याची सर्वमान्य यादी कुणाकडेच नव्हती. माझ्या मते या क्षेत्रातलं संशोधन रखडण्याचं मोठं कारण हेच.

ऑनलाइन शिक्षण आल्यावर ही उणीव टोचू लागली. प्रयोगशाळा संगणकावर हलवायची तर काय हरवतं, हे सांगणार कसं? शेवटी जानेवारी २००२ मध्ये सॅन दिएगोला जमलेल्या शिक्षकांनी १३ उद्दिष्टं ठरवली. उपकरणं हाताळणं, डेटाचं विश्लेषण, सुरक्षितता यांच्याबरोबर अपयशातून शिकणंही त्यात आहे. फायझेल आणि रोझा यांचा २००५ चा पेपर याच यादीवर उभा आहे. तो आधी वाचा.

त्याच वर्षी कोलोरॅडोच्या फिंकेलस्टीन आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गात पाहिलं, की सिम्युलेशनवर विद्युत परिपथ शिकलेली मुलं खरी उपकरणं वापरलेल्यांपेक्षा संकल्पनांत सरस ठरली, आणि खरा परिपथ जोडण्यातही! यावरून ‘आता लॅब कशाला’ असं म्हणणारे भेटतात. पण १३ पैकी किती उद्दिष्टं तिथे मोजली गेली, ते बघा.

आणखी एक. फ्रीमन आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं २२५ अभ्यासांचं विश्लेषण आपल्या विषयाचा पुरावा म्हणून सर्रास दिलं जातं. त्यात तुलना आहे ती व्याख्यान आणि सक्रिय अध्ययन यांची. वर्गातली गटचर्चासुद्धा त्यात येते. कानस किंवा सोल्डरिंग हातात घेतलंच पाहिजे, अशी अट तिथे नाही.